कंपनी चालू शे

दिवेलागणीच्या जरा आधी नूरभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडत, "चूप बठा! कंपनी चालू शे!" त्यासरशी शेजारचा रहमान पिंजारी कापूस पिंजायचं थांबवी, पलीकडचा कासार हातोडी खाली ठेवी आणि शहाद्याची ती अख्खी गल्ली श्वास रोखून बसे. मी समोरच्या खोलीत नव्याने राहायला आलेला शाळामास्तर. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी गेलं.

कंपनी म्हणजे नूरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कुठल्याशा जुन्या मासिकात वाचून ते शिसं आणि गंधक मुशीत तापवत आणि त्यातून काळा, चमकता खडा काढत. त्या खड्यावर बारीक तार नेमक्या जागी टेकवली की विजेशिवाय रेडिओ ऐकू येतो, असं मासिकाचं म्हणणं होतं. नेमकी जागा शोधण्यातच वर्षं गेली. गंधकाच्या वासाने गल्लीतले ढेकूण मेले, एवढा फायदा मात्र रोकडा झाला.

मालक, कारागीर, शिपाई सगळे तेच; तपासनीस मी. रोज संध्याकाळी माझ्या कानांवर हेडफोन चढवून ते तार सरकवत आणि विचारत, "उना का आवाज?" मला फक्त माझ्याच छातीची धडधड ऐकू यायची. पण त्यांचा तो आशाळभूत चेहरा बघून नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "थोडं थोडं," मी म्हणायचो. लगेच तो खडा डबीत जाई आणि डबीवर 'पास' असं लिहिलं जाई.

गंमत म्हणजे मालाला गिऱ्हाईकही मिळालं. तापीकाठचे एक गुजर पाटील पाव तास हेडफोन लावून डोळे मिटून बसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आवाज काही नई उना. पन इतली शांतता मन्हा घरमा कधीच नई ऱ्हास. घरमा सांगसू, बातम्या ऐकी ऱ्हायनू!" त्यांनी दोन संच नेले, आणि पुढे त्यांच्या भावकीनेही नेले.

मग गल्लीत ट्रान्झिस्टर आला. आणला खुद्द रहमानने. तो दिवसभर बोंबलायला लागल्यावर चूप कोण बसणार? कंपनी बंद पडली आणि नूरभाईंनी खाट धरली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट पकडला.

"मास्तर, आते खरं सांगा. कधी उना व्हता आवाज?"

मला खोटं बोलवेना. "नाही, नूरभाई. एकदाही नाही."

ते इतके हसले, की ठसका लागला. "माले बी नई उना! तुम्ही रोज 'थोडं थोडं' म्हणेत. मी समजू, मन्हा कानमाच खोट शे!"

मीही हसलो, पण मनातून फार ओशाळलो. माझ्या भिडेपोटी या माणसाने इतकी वर्षं स्वतःच्या कानांना दोष दिला होता.

चार दिवसांनी ते गेले. त्या संध्याकाळी रहमानने आपणहून ट्रान्झिस्टर बंद केला आणि कासाराने हातोडी ठेवली. गल्ली पूर्वीसारखी चूप बसली. मी सवयीने कान देऊन बसलो होतो. कुणी विचारलं असतं, तर 'थोडं थोडं' म्हणालो असतो.