लॅबवाल्या ताईंची काच

१९९४च्या गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिवंडीत लॅबवाल्या ताईंवर अन्याय झाला. बाहेरून कुणी येऊन केला नाही, आपल्याच लोकांनी केला. हे आधी लिहून ठेवते.

रस्त्यात दिसेल त्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघायची ताईंना खोड होती. गुरगुरणारं कुत्रंही त्यांच्यापुढे मुकाट उभं राहायचं. "पांढऱ्या पडल्यात. गोचिडीचा ताप वाटतो," म्हणायच्या, आणि लगेच, "पण वाटून काय उपयोग? रक्त बघायला पाहिजे."

लॅब खरं तर माणसांची. लूमवरच्या कामगारांचा मलेरिया, बाळंतिणींचं हिमोग्लोबिन. जनावरांचा डॉक्टर तेव्हा म्हशींच्या मागे असायचा, कुत्र्याला अंदाजाने सुई टोचायचा. कुत्र्याचंही रक्त तपासतात हे आमच्याकडे कुणाच्या गावी नव्हतं. ताईंनी त्याला तोंडावर सुनावलं, "डॉक्टर, तुम्ही मटका लावताय. रक्त पाठवा, मी बघते." तो पाठवू लागला. कुत्र्यांचं रक्त बघायच्या काचा ताईंनी वेगळ्या ठेवल्या, त्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. मायक्रोस्कोप मात्र एकच, दुसरा आणणार कुठून?

काचेवर कुत्र्याचं नाव आडनावासकट लिहायच्या. जवळच्या वळ गावचे पाटीलकाका 'राजा पाटील' वाचून भडकले. "कुत्र्याला आमचं आडनाव?"

"तुमच्या ताटातला भात खातो ना? मग तुमच्याच घरातला."

रक्तात तापाचे जंतू सापडले, औषध बदललं, राजा उठून बसला. काका वालाच्या शेंगांची पिशवी देऊन गेले.

मग कुणीतरी उठवलं, माणसाचं नि कुत्र्याचं रक्त एकाच यंत्राखाली बघतात. त्या सकाळी दारात घोळका जमला.

"हमारा खून कुत्तों के साथ देखती है क्या?"

"काचा वेगळ्या आहेत. आत या, बघा," ताई म्हणाल्या. कुणी आत गेलं नाही. घोळक्यात त्यांना पाटीलकाका दिसले. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही काचा बघितल्यात. राजाला इथेच तपासलं ना?"

काका चपलेकडे बघत म्हणाले, "कुत्रा हाय आमच्याकडं. पन हितं कंदी आनला न्हाय."

ताई आत निघून गेल्या. पेशंट तुटले, दिवाळीआधी शटर पडलं. नंतर मला म्हणाल्या, "आमच्या बौद्धवाड्याला शिवाशिव नवी नाही गं. माझ्या आजीच्या हातचं पाणी चालायचं नाही. ते एक वेळ सोसलं. पण काका खोटं बोलले."

आता नाक्यावर कुत्र्या-मांजरांचा चकाचक दवाखाना आहे. रक्त, लघवी, एक्स-रे. नमुने मुंबईला जातात. "टेस्ट केल्याशिवाय आम्ही औषधच देत नाही," असं लोक ऐटीत सांगतात. तिथल्या बाकावर नव्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेले पाटीलकाका मी पाहिले आहेत. ताई दापोड्याच्या गोदामात उतरणारा माल तपासतात. मायक्रोस्कोप खाटेखाली, जुन्या साडीत गुंडाळलेला.

"पुन्हा उघडा ना लॅब," मी परवा म्हटलं.

"माणसं येतील?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. लाल ठिपक्याच्या काचेमुळे ज्यांचं कुत्रं जगलं, त्यांनी आज शेजारच्या दारात जाऊन मोठ्याने सांगा की ते ताईंनीच तपासलं होतं, आणि काचा वेगळ्या होत्या. पाटीलकाका, सुरुवात तुम्ही करा.