दोन याद्यांतलं एक नाव

पिकल्या चिकूचा वास आला की मला घोलवडचं ते पॅकिंगचं शेड आठवतं. चिकू तोडणाऱ्या बायकांची ओळखपत्रं काढायची होती, म्हणून कॉम्प्युटरवाली पोरगी आमच्या सरावली गावची आणि उधवा गावची अशा दोन फायली जोडून एक यादी करत होती. माझ्या बायकोचं नाव दोन्हीकडे निघालं, कारण तिची आई आजारी होती तेव्हा ती उधव्याला माहेरी राहून तिथल्या तोडणीला जायची. "मावशी, एकच ठेवता येतं. कुठलं काढू?" पोरीनं विचारलं. ही पटकन म्हणाली, "सरावलीचं काढ." बाकीच्या बायका खिदळल्या, "बघा काका, म्हातारी चालली माहेरी!" माझं डोकं फिरलं. "एवढी वर्षं माझ्या घरात काय पाहुणी होतीस?" मी सगळ्यांसमोर बोललो. ती हळूच म्हणाली, "तुमच्या घरात मी आहेच ना, तिथं कागद कशाला? आई गेली, तिकडं आता माझं म्हणून तेवढं नावच उरलंय." मला तेव्हा ते कळलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पुढं ती वारली. आता सरावलीच्या यादीत ती नाही आणि घरातही नाही, आणि ते दोन दिवस मी उगाच घालवले.