काचेवरचा उलटा बुलबुल

बाळांनो, तुमच्या खिडकीशी येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो तुम्ही पाठवलेत, ते पोहोचले. पाखरांचे फोटो तुमचे आजोबा आणि मीही काढत होतो. फक्त आमचा कॅमेरा लहानशा संदुकीएवढा होता, आणि फोटो काचेवर उतरत असे.

आधी घराची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. नौपाड्यात तेव्हा घरं विरळ होती, मधे मधे भातखाचरं. आमच्या मागच्या पडवीसमोर अंगण, अंगणाच्या टोकाला विहीर आणि विहिरीकडे जाताना डाव्या हाताला जाईचा मांडव. पक्षी बघायला कुठे जावं लागत नसे. उजाडता उजाडता दयाळ आढ्यावर बसून गाई, जास्वंदीत शिंजिरांची लगबग असे, आणि बुलबुल तर अंगण स्वतःचं असल्यासारखे वावरत. काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका आणि सदा काहीतरी बोलणं चालू.

कॅमेरा विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेला. त्याबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते वाचून काढण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण हे दिवसभर कल्याणच्या कचेरीत असत. पहिले कित्येक महिने आमच्या काचांवर फांद्या तेवढ्या छान आल्या. भिंगावरची टोपी काढून पुन्हा घालेपर्यंत पक्षी हललेला असे आणि त्याच्या जागी धुरकट डाग. मग मला वाटलं, जो पक्षी आपण होऊन एका जागी थांबतो त्याचाच फोटो घ्यावा. त्या चैत्रात बुलबुलांनी जाईत घरटं केलं. मी त्यासमोर आठ-दहा दिवस नुसतंच एक खोकं मांडून ठेवलं. पाखरांना त्याची सवय झाली, तेव्हा एका रविवारी सकाळी खोकं हलवून तिवईवर कॅमेरा उभा केला. घरट्यात तोवर दोन पिल्लं झाली होती, एक थोराड, एक किडकिडीत.

घरात आम्हा दोघांखेरीज आत्याबाई होत्या, यांच्या वडिलांची बहीण. परकर नेसायच्या वयात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. सगळं घर त्यांच्या हातात होतं. सकाळची आंघोळ झाली की त्या सोवळ्यात, म्हणजे धुतलेलं वस्त्र नेसून, कोणाला न शिवता देवाचं आणि स्वयंपाकाचं करत. कॅमेऱ्याचा त्यांना राग होता. "आधी त्या पाखरांना सुखानं खाऊ द्या, मग त्यांच्या तसबिरी काढा," म्हणत.

त्या सकाळी त्या तुळशीला पाणी घालत होत्या. तेवढ्यात कावळ्यानं घरट्यावर झडप घातली. आत्याबाईंनी हातातली पळीच भिरकावली. कावळा गेला, पण किडकिडीत पिल्लू खाली फरशीवर पडलं. दोन्ही बुलबुल अंगणातल्या आंब्यावर बसून ओरडू लागले.

हे धावले. आत्याबाई कडाडल्या, "अरे, हात लावू नकोस! माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लू घेत नाहीत."

"आत्या, असं काही नसतं. आणि हात धुतलेत मी."

"कचेरीत जगभराच्या कागदांना लागलेले हात ते."

"आज रविवार आहे गं!"

"मग काल कुठे होते?"

पिल्लू पानावर उचलावं म्हणून मी पान आणायला निघाले, तर त्यांनी मलाही थांबवलं. "तूही नको. त्या फोटोच्या काचा धुवायच्या औषधांचा वास येतो तुझ्या हातांना. मी सोवळ्यात आहे. चालला तर माझाच हात चालेल."

मी म्हटलं, "पण मग तुमचं सोवळं मोडेल."

"पुन्हा आंघोळ करीन. विहीर आटली आहे का?"

यांनी पाट धरला. आत्याबाईंनी पिल्लू ओंजळीत उचललं आणि पाटावर चढून घरट्यात ठेवलं. खाली उतरून म्हणाल्या, "ते घेतायत की नाही कळल्याशिवाय मी जेवणार नाही."

आता बघायचं कसं? माणूस दिसला की बुलबुल आंब्यावरून खाली येईनात. मी म्हटलं, "आत्याबाई, या काळ्या कापडाखाली या. मागच्या काचेत घरटं दिसतं, आणि तुम्ही त्यांना दिसणार नाही." एरवी त्या कॅमेऱ्याच्या सावलीलाही उभ्या राहिल्या नसत्या. त्या दिवशी आल्या.

आम्ही दोघं पडवीच्या दाराआड उभे राहिलो. खूप वेळ काहीच झालं नाही. त्या माहेरी आल्या तेव्हा त्यांना ठेवायचं की परत सासरी धाडायचं, हे ठरेपर्यंत वडीलमाणसांनी त्यांना बोचक्यासकट ओटीवर बसवून ठेवलं होतं, असं यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. ते मला तिथे उभं असताना आठवलं. मी यांच्याकडे पाहिलं नाही.

मग कापडाखालून हलक्या आवाजात, "आली! उलटी दिसते, पण आली!"

कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटंच दिसतं, पाय वर, डोकं खाली. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

"कोणाला भरवलं?" यांनी विचारलं.

"मोठ्याला."

बुलबुल उडून गेला. हे दबक्या पावलांनी कॅमेऱ्याशी गेले. "आत्या, सरक ना जरा. पुन्हा येईल तेव्हा फोटो घेतो. या काचेच्या जागी फोटोची काच घालावी लागते."

"म्हणजे मग मला दिसणार नाही?"

"फोटो काढताना नाही दिसत."

"मग नको. जा तू."

हे परत आले. बुलबुल चोचीत अळी घेऊन पुन्हा उतरला, तो मात्र आम्हालाही दारातून दिसला. कापडाखाली आत्याबाई अगदी निश्चल होत्या. मग त्या बाहेर आल्या, तशाच विहिरीवर गेल्या आणि डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या.

या पत्रासोबतचा फोटो दुसऱ्या दिवशी, हे कचेरीत गेल्यावर, मी काढला. बुलबुल त्यात बराच नीट आला आहे. पण त्याने लहानग्याला भरवलं त्या वेळचा फोटो नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या दुपारी मी आत्याबाईंच्या पानात भात वाढला. त्यांनी तो कालवला, पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून म्हणाल्या, "घेतलं गं त्याला. काही विचारलंसुद्धा नाही."