करंटापुरता पाहुणा

अनुदान हा शब्द कानावर पडला की नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, दम निघत नसे. गोठ्यात एक शेपूट नव्हतं, तरी अनुदानावरची कडबाकुट्टी त्यांनी आणलीच. पुढे तिच्यावर चादरी वाळत. कुणी हसलं तर म्हणत, "सरकारनं न्हाई दिलं तर बोंबलायचं, आन दिलं तर लाजायचं? मला न्हाई जमत."

मग इलेक्ट्रिक दुचाकीवर अनुदान आलं. शेवगावच्या शोरूममधला माणूस म्हणाला, आधारसाठी चेहऱ्याचा फोटो लागेल, टोपी काढा. नाना टोपी काढत ती फक्त न्हाव्यापुढे. काढली बिचाऱ्यांनी. किमतीतून अनुदान वजा झालं आणि ढुंगणाखाली गाडी आली.

कंपनी म्हणाली होती, एका चार्जिंगला शंभर किलोमीटर. "ते शंभर उतारावरचं, आन सडपातळ मानसाचं," असं नाना पहिल्याच खेपेनंतर सांगू लागले. स्वतः नव्वद किलोचे. शुगर दाखवायला महिन्याला नगरला जायचे. एकदा आदल्या रात्रभर लाईट नसल्यानं गाडी निम्मीच भरलेली. करंजीचा घाट समोर दिसायला लागला तेव्हा दहा टक्के उरले होते आणि करंजी गावात ओळखीचं घर एकच, शांताआत्याचं.

आत्या त्यांची सख्खी धाकटी बहीण. नऊ वर्षं अबोला. कारण काय, तर तिच्या लेकीच्या लग्नात माईकवरून सगळ्या पाहुण्यांची नावं पुकारली, आणि सख्ख्या मामाचं तेवढं राहिलं. मामा न जेवता उठला. हसू नका, आमच्याकडं याहून कमीवर माणसं मरेपर्यंत बोलत नाहीत.

नानांनी ओट्यापाशी गाडी लावली आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "मी करंटापुरता आलोय. पाहुणा म्हणून न्हाई." आत्यानं खिडकीतून वायर बाहेर सोडली. चहा आणून गाडीच्या सीटवर ठेवला. नाना तीन तास उन्हात उभे राहिले, पण चहाला हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात चहा प्याले. त्याच्या पुढच्या महिन्यात पिठलं-भाकरी, तीही ओट्यावरच. चौथ्या खेपेला आत पंख्याखाली असे घोरले की डॉक्टर राहूनच गेला. आत्यानं कधी माफी मागितली नाही, नानांनी मागायला लावली नाही. आमच्यापुढं मात्र तोरा तोच: "चार्जिंगला थांबावं लागतंय. नाइलाज हाय."

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. त्यांच्या लेकीनं गाडी मला दिली. घाटाची मला भीती, म्हणून टेम्पोत घालून नगरला घरी न्यायला निघालो आणि वाटेत आत्याच्या दारात थांबलो. ती बाहेर आली, टेम्पोतल्या गाडीकडं बघत राहिली, मग आत जाऊन वायर घेऊन आली.

"आत्या, टेम्पोनं चाललीय गं. चार्जिंग नको."

"मी इचारलं का तुला? लाव."

लावली. टेम्पोवाल्याला तिनं ओट्यावर बसवून भाकरी वाढली. तीन तास कुणी निघायचं म्हटलं नाही.