खाते कमी, धावते जास्त

आधी चहाचे कप खाली ठेवा. मग ठसका लागला तर मला बोल लावू नका. मी माझ्या तोंडाने ठरलेली गाडी कशी घालवत होते, ते सांगते. आणि त्याच्यावर आणखी काय केलं, ते तर नवऱ्यालाही अजून पुरतं सांगितलेलं नाही!

आमचा संदेश लालबागहून तळोज्याला कामाला. रोज बाईकवर. दोन्ही बाजूंना ट्रक आणि मध्ये माझा नवरा! गणपतीच्या आधी एकदा घसरला, गुडघा सोलून आला. तेव्हापासून तो दारात दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरेना. हट्ट मीच धरला, जुनी का असेना, चारचाकी घे. तो म्हणाला, "जुनी चालेल, पण पेट्रोल कमी पिणारी पाहिजे." तीन महिने शोधली. शेवटी नायगावच्या मालवणी परबकाकांची बारा वर्षांची छोटी गाडी त्याला पसंत पडली. रविवारी मला दाखवायला घेऊन गेला.

आता आदल्या दिवशी काय झालं होतं, ते ऐका. आमची सई दुसरीत, इंग्लिश मीडियमला. शनिवारी ओपन डेला टीचर म्हणाल्या, "सई अ‍ॅव्हरेज आहे." माझं इंग्रजी सातवीतच थांबलेलं. घरी येऊन शेजारणीच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे अशीच गं ताई, मधली. साधारण."

साधारण? माझी सई? डोळे पुसत पुसत पोळ्या लाटल्या मी त्या दिवशी!

तर नायगावला काकांनी टपावरून हात फिरवला. "सिंगल हँड गाडी हा!"

मी दोन पावलं मागेच सरले. "काका, एका हाताने चालवता? आमचं पोर मागे बसणार हो!"

काका आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागले. संदेश माझ्या कानात पुटपुटला, "अगं, एकाच मालकाने वापरलेली. गप्प बस जरा."

बसले की गप्प! पण काकांना राहवेना. "आणि अ‍ॅव्हरेज तर इचारूच नको!"

परत तोच मेला शब्द!

"अ‍ॅव्हरेज आहे ही?"

"मगे! अशी अ‍ॅव्हरेजवाली गाडी शोधून गावाची नाय."

"मग नको आम्हाला. आम्हाला चांगली पाहिजे."

"गो बाय, चांगलीच आसा!"

"आता तर अ‍ॅव्हरेज म्हणालात!"

"चांगला अ‍ॅव्हरेज!"

"साधारण ते साधारणच. त्यात कसलं आलंय चांगलं साधारण?"

"अगं, तू..." संदेश मध्ये पडला. पण मी ऐकते होय? कालचं सगळं उसळून वर आलं. "तुम्हा लोकांना सगळंच अ‍ॅव्हरेज दिसतं! लेकरू बिचारं मान मोडून अभ्यास करतं..."

"हेच्यात लेकरू खयसून इला?" काकांनी चावी खिशात टाकली. "नको तर ऱ्हवांदे. दुसरो गिऱ्हाईक सांजेक येतलो."

संदेशचा चेहरा पडला. मला तो परत त्या ट्रकांच्या मध्ये दिसायला लागला. आणि मी भर रस्त्यात भोकाड पसरलं!

काका घाबरले. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "रडा नको गो. अ‍ॅव्हरेज म्हणजे लिटरमागे किती चालता ता. चांगला अ‍ॅव्हरेज म्हणजे खाता कमी, धावता जास्त. समाजला?"

खाते कमी, धावते जास्त! अहो, ही तर डिट्टो माझी सई! भाताचे दोन घास जेमतेम आणि चाळभर उंडारणं! म्हणजे टीचर कौतुक करत होत्या, आणि मी खुळी रडत बसले?

चावी काकांच्या खिशातून निघाली, संदेशच्या हातात आली. मी येता येता पेढे घेतले.

"गाडीचे ना गं?" शेजारणीने विचारलं.

"अर्धे गाडीचे, अर्धे सईचे. शाळेत अ‍ॅव्हरेज आली!"

सोमवारी शाळेत गेले, टीचरपुढे बॉक्स उघडला.

"कशाचे?"

"तुम्ही सईला अ‍ॅव्हरेज म्हणालात ना, त्याचे! मला आधी कळलंच नाही टीचर. खाते कमी, धावते जास्त. बरोबर ओळखलंत तुम्ही!"

टीचरनी माझ्याकडे बघत पेढा उचलला. मग हळूच म्हणाल्या, "आत्ता कळलं, सई कोणावर गेलीय ते."

आणि मी काय केलं असेल? लाजून थँक्यू म्हटलं!