चौकशीबाय

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि वाडीत येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, बाहेर थोपवत होतो. या पोरीला थोपवायची वेळच आली नाही. आमच्या सारवलेल्या खळ्याच्या कडेला तिने चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिली. दाराशी चपला सगळेच काढतात. खळ्याच्या बाहेर काढणारी मी पहिल्यांदा बघितली. मला तिथेच संशय आला. एवढी नम्रता कुणी उगाच दाखवत नाही.

"कोण गो तू?"

"रत्नागिरीच्या कॉलेजातून आलेय, आजोबा. शाळेत न जाणाऱ्या पोरांची चौकशी करतेय."

"चौकशी पोलीस करतात."

"ते गुन्ह्याची करतात. मी पोरांची करते."

आमची शेजारीण अनुसया गडग्यापलीकडून ऐकत होती. ती हसली, आणि तेव्हापासून वाडीत त्या पोरीचं नाव चौकशीबाय पडलं. खरं नाव तिने सांगितलं असेल, मी लक्षात ठेवलं नाही. ठेवायचंच नव्हतं.

पावसच्या रस्त्याला आतल्या अंगाला आमची वाडी. पलीकडे चिऱ्याची खाण, तिथे कर्नाटकातले कामगार. वरच्या आंब्याच्या कलमांच्या बागांत राखणीला नेपाळी. त्यांची पोरं दिवसभर उन्हात फिरायची. दर रविवारी पाच कॉलेजकुमार एस.टी.ने उतरायचे आणि या पोरांना शाळेत घालण्यासाठी घरोघर हिंडायचे. चौघं बोलायचे फार. ही ऐकायची फार. बोलणारा माणूस काय विकायला आलाय ते लगेच कळतं. ऐकणाऱ्याचं कळत नाही, म्हणून मी हिच्यावरच नजर ठेवली.

माझा संशय हवेतला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक मंडळी गाडीतून आली, पोरांना दप्तरं वाटली, फोटो काढले आणि गेली. पंधरा दिवसांनी बाजाराला गेलो तर नाक्यावर माझ्या नातीचा, तनूचा, चेहरा. एवढा मोठा फ्लेक्स. खाली लिहिलेलं, 'वंचितांना मदतीचा हात'. मी तिसरी शिकलोय, मला वाचता येतं. नाक्यावर उभं राहून वाचलं आणि तापलो. आयुष्यभर मी गडगे रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता जांभा दगडावर दगड बसवून अर्ध्या तालुक्याच्या बागांना हद्द घालून दिली. लेक गेली, जावयाने दुसरं लग्न केलं, तेव्हा नातीला मी घरी आणलं, दोन वेळ भरवलं. ती वंचित कशी? मी फ्लेक्स सोडवून घरी आणला आणि लाकडांच्या ढिगावर घातला. चेहरा आतल्या बाजूला.

चौकशीबायने तो दुसऱ्याच रविवारी ओळखला. वाऱ्याने एक टोक उलटलं होतं. तिने ते नीट खाली बसवलं, वर दगड ठेवला.

"तुम्ही पण काढणार ना फोटो?" मी म्हटलं.

"आम्ही फोटो काढत नाही."

"मग काम केलंत याचा पुरावा काय दाखवता?"

"शाळेतली हजेरी."

उत्तर बरं होतं. पण बरं उत्तर तयार असणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

तिच्याकडे एक लांबट वही असायची आणि ती पेन्सिलीने लिहायची. तेही मला खटकलं. पेनाने लिहिलेलं राहतं. पेन्सिलीने लिहिलेलं मागाहून कुणीही बदलतं. मी तसं तोंडावर सांगितलं. म्हणाली, "पोरंच बदलतात आजोबा. या महिन्यात शाळेत, पुढच्या महिन्यात बागेत. पेनाने किती खाडाखोड करू?"

"आणि तुझा आडनाव काय?"

"कशासाठी हवं?"

"तू आमची लिहितेस ती कशासाठी?"

"शाळेत लागतात म्हणून."

"मला पण लागतात."

ती हसली. "मंडणगडची आहे. बाबा लोट्याला कंपनीत पाळीवर असतात. एवढ्यावरून काढा शोधून."

मी काढायचा प्रयत्न केला. मंडणगडचे दोघे ओळखीचे होते, दोघांना विचारलं. मंडणगड काय हाताएवढं आहे? ते दोघेही मलाच हसले.

चहा ती कुणाकडेच घेत नसे. हे मात्र मला झोंबलं. आमची घरं बौद्धांची. बापाने छप्पन साली देव्हारा उतरवला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पण त्यानंतरही 'आत्ताच घेऊन आलो' म्हणत आमच्या दारातून तहानलेली परत गेलेली माणसं मी जन्मभर बघितलीत. म्हणून एकदा सरळ विचारलं, "आमच्या हातचा चालत नाही काय?"

तिने वही मिटली. "एका घरी घेतला की अकरा घरी घ्यावा लागतो. मग शेवटची एस.टी. जाते. पाणी द्या ना."

तनूने तांब्या आणला. ती वरून ओतून प्यायली नाही, तांब्याला तोंड लावून प्यायली. सगळं पाणी. मी बघत होतो हे तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. चहाचं कारण मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण तो तांब्या माझ्या लक्षात राहिला.

तिचं एक वाक्य ठरलेलं. कुणी म्हणालं, होईल ना गो आमच्या पोराचं काम, तर म्हणायची, "होईल म्हणत नाही. बघते म्हणते." अनुसया तिला चिडवायची, "बघून बघून म्हातारी होशील बाय." पण ती खरंच बघायची. खाणीवरची एक मुलगी शाळेत का येत नाही ते चौघांना कळेना. त्यांनी आईबापाला शिक्षणाचं महत्त्व समजावलं. बाप बिचारा मान डोलवत होता. ही मात्र दिवसभर खाणीच्या काठाला बसून राहिली आणि संध्याकाळी त्या मुलीच्या कडेवरचं तान्हं स्वतःच्या कडेवर घेऊन वाडीत आली. दुसऱ्याचं पोर घेऊन चाललेली बाई दिसली की मी आधी वाट अडवतो. अडवली.

"कुठे नेतेस?"

"अंगणवाडीच्या बाईंच्या घरी. हे तिथे राहिलं की याची ताई शाळेत जाईल. ही आई मागून येतेय, दिसत नाही का?"

आई मागून येत होती, धुळीने लाल झालेली. मी वाट सोडली. आठवड्याने ती मुलगी शाळेत दिसली. म्हणजे मी बघितली नाही, अनुसयेने सांगितलं. मी शाळेकडे जात नव्हतो.

त्याचं कारण असं. जून महिन्यात शाळा सुरू झाली. तनू चौथीत बसायला गेली आणि तासाभराने रडत परत आली. हजेरीत तिचं नावच नव्हतं. गुरुजी म्हणाले, नाव काढलंय. मी तसाच गेलो. "माझ्या पोरीचा नाव कुणी काढला?" गुरुजी म्हणाले, "तुम्हीच काढलंत की, आजोबा." माझ्याच तोंडावर मलाच खोटं पाडतात. पोरांसमोर आमची बोलाचाली झाली आणि मी सांगून आलो, या शाळेची पायरी परत चढणार नाही. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला, तनूला पाठवा, आपण बघू. मी उलट निरोप दिला, ज्या पंगतीतून उठवलं तिथे आम्ही जेवायला येत नाही. जून गेला, दिवाळी गेली. तनू माझ्याबरोबर शेळ्या राखू लागली. सकाळी पोरांची प्रार्थनेची घंटा ऐकू आली की ती शेळ्यांशी मोठ्याने बोलायला लागायची. मला कळत होतं. पण बोललो ते बोललो.

चौकशीबायने तनूबद्दल मला पाच रविवार काही विचारलं नाही. त्याचाही मला संशयच आला. सगळ्या वाडीची पोरं विचारते आणि समोर बसलेली सोडते? अनुसयेने तिला काय काय सांगितलं असणार. शेवटी मीच म्हटलं, "माझ्या नातीचं काय लिहिलंयस वहीत? वाच."

तिने पान काढून दाखवलं. तनूचं नाव, वय नऊ, आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द, 'चौकशी चालू'.

मग ती आली ती रविवारी नाही, बुधवारी. एकटी. बाकीचे चौघे नव्हते, अनुसया लावणीच्या मिरच्यांना पाणी घालायला परसात गेली होती. तनू शेळ्या घेऊन वर सड्यावर, कातळाच्या माळावर. हिने ही वेळ निवडून काढली होती हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आता खरं काय ते बाहेर येणार. पोरीला वसतिगृहात न्यायचं म्हणेल, कागदावर सही मागेल.

तिने सही मागितली नाही. म्हणाली, "आजोबा, तनूचा दाखला आहे का?"

"आहे म्हणजे? भिंतीवर आहे."

तो होताच. मार्चमध्ये जातीच्या दाखल्याला शाळेचा दाखला लागतो असं तालुक्याला सांगितलं, म्हणून मी शाळेत जाऊन आणला होता. लाल शिक्का, गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर, वर तनूचं पूर्ण नाव. एवढा देखणा कागद घडी घालून पेटीत ठेवायचा जिवावर आला, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिक मारून घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगला. आल्यागेल्याला दाखवायचो. घरातला पहिला शिक्क्याचा कागद होता तो.

ती पहिल्यांदाच खळं ओलांडून आत आली. दाखला काढून माझ्या हातात दिला. "वाचा ना. सगळ्यात वरची ओळ."

"तूच वाच. तू शिकलेली."

"तुम्ही तिसरी शिकलायत म्हणालात."

असं म्हटल्यावर मी चष्मा लावणारच. अक्षराला अक्षर जोडत वाचलं. शाळा सोडल्याचा दाखला. परत वाचलं. नऊ महिने तो माझ्या भिंतीवर होता आणि मी फक्त नाव आणि शिक्का बघत होतो. तिने खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. शाळा सोडल्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून.

मार्चमधली दुपार मला आठवली. मी म्हटलं होतं, पोरीचा दाखला द्या. गुरुजींनी विचारलं होतं, "का, कुठे जाणार आहात?" तो प्रश्न मला नोकराला विचारल्यागत वाटला. मी म्हटलं, "ते तुम्हाला कशाला? दाखला मागितला तर दाखला द्या." त्यांनी अर्ज लिहिला, वाचू का म्हणाले. मी म्हटलं, नको. चष्मा खिशात होता, पण चार माणसांत चष्मा काढून अक्षरं लावत बसायचं मला नको होतं. झोकात सही ठोकली. अंगठा नाही, सही.

"शिकत असल्याचा दाखला वेगळा असतो," ती म्हणाली. "त्याला बोनाफाईड म्हणतात. लोक दोन्हीला दाखलाच म्हणतात. शाळेत तुमचा अर्ज मी बघितला."

"म्हणजे वाडीत सांगितलंस."

"सांगायचं असतं तर रविवारी आले असते."

बाहेर अनुसयेची बादली वाजत होती. मी म्हटलं, "तूच जा. गुरुजी तुझं ऐकतील. तूच घाल नाव परत."

"नाही."

"का गो? खाणीवरच्या पोरांची घातलीस ना?"

"त्यांना मराठी येत नाही. तुम्हाला येतं." मग जरा हळू म्हणाली, "मी गेले तर तनू म्हणेल, आजोबांनी काढलं आणि त्या ताईने घातलं. मोठी झाली तरी तेच म्हणेल."

"आणि मी गेलो की होईल?"

"होईल म्हणत नाही."

या वेळी पुढचं 'बघते' तिने म्हटलं नाही, कारण ती बघायला राहणार नव्हती. तिचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा, मग मंडणगड, मग कुठे नोकरी लागेल तिकडे. वहीचं ते काम तिने तिच्या मागच्या वर्गातल्या एका पोराकडे सोपवलं होतं. निघताना तिने दाखला परत खिळ्याला टांगला, नीट सरळ केला आणि चपला घालून रस्त्याच्या वाटेने उतरली. मागे बघितलं नाही. मी खळ्याच्या कडेपर्यंत गेलो होतो, ती वळली असती तर दिसलो असतो.

त्यानंतर ती कधी आली नाही. कॉलेजची पोरं अजून येतात, बोलतात फार. मी त्यांना आडनावं विचारतो, ती सांगून टाकतात. अनुसया म्हणते, तुम्ही त्या पोरीला कधी नीट बोलला नाहीत. खरं आहे. तिने माझी अब्रू राखली की मला कोपऱ्यात धरलं, याचा हिशोब माझ्या डोक्यात अजून बसलेला नाही. दोन्ही असेल. हे मी माझ्या हाताने लिहिलंय, ऱ्हस्वदीर्घ तनूने बघितलं. ती सातवीत आहे. मजकूर वाचून ती म्हणाली, "आजोबा, ताई त्या बुधवारी आली होती हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, आता वाचलंस ना.

चौकशीबाय गेली त्या रात्री मी तनूला काही सांगितलं नाही. सकाळी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, दाखला पिशवीत टाकला आणि तनूला म्हटलं, चल. शेळ्या अनुसयेच्या दावणीला बांधल्या. अनुसया विचारू लागली तर म्हटलं, बघ जरा. शाळेच्या पायरीशी तनू थांबली, माझ्या तोंडाकडे बघायला लागली, कारण माझं बोलणं सगळ्या वाडीला पाठ होतं. मी पायरी चढलो. आत प्रार्थना संपून पोरं बसत होती. गुरुजी उठून उभे राहिले. भांडायला आलोय असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हटलं, "पोरीचं नाव घालायचंय."

ते म्हणाले, "घालू की. बसा." त्यांनी रजिस्टर उघडलं, कोरा कागद घेतला. "अर्जात कारण काय लिहू?"

"लिहा, मार्चमध्ये आजोबाने न वाचता सही केली."

"असं लिहायची गरज नाही हो."

"लिहा."

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. चाळीस पोरं बघत होती, त्यात तनू. मी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली. मला वेळ लागला. गुरुजी थांबले, पोरं थांबली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग सही केली.