छातीतलं पाणी आणि टाडाचा जामीन

"तुमच्या डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालंय. याला प्लुरल इफ्यूजन म्हणतात. टीबीमुळे होतं," डॉक्टर बाई म्हणाल्या. मी सरकारी दवाखान्याच्या खाटेवर होतो आणि उजवा हात बेडीने दांडीला अडकवलेला. मी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलेला कच्चा कैदी, म्हणजे खटला न चाललेला.

माझा गुन्हा ऐका. नाशिकला गंगापूर रोडपलीकडे आमचा फुलांचा मळा. पहाटे मी टेम्पो घेऊन बाजाराला निघालो की वाटेतला कुणीही त्यात आपली पाटी ठेवतो. उघडून बघायची रीत नाही. एकदा पोलिसांच्या झडतीत शेजारच्या सोपानमामांच्या पाटीत झेंडूखाली जिलेटिनच्या कांड्या निघाल्या. त्यांच्या भाच्याच्या विहिरीतला खडक फोडायला पाठवलेल्या. रोज स्फोटांच्या बातम्या येत होत्या. आम्ही दोघेही अतिरेकी ठरलो.

तुरुंगात आठव्या महिन्यात संध्याकाळचा ताप येऊ लागला, मग खोकला, मग डाव्या कुशीवर झोपवेना. दवाखान्याची तारीख तीनदा हुकली, कारण न्यायला पोलीस गार्ड नव्हता.

पाणी सुईने काढायचं तर पुढे वाकून बसावं लागतं. शिपाई म्हणाला, "मॅडम, बेडी काढायची ऑर्डर नाय."

"मग सुई तुम्हीच टोचा," म्हणून बाई खुर्चीवर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने बेडी निघाली. लिटरभर पिवळं पाणी आलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी आले. "माल अतिरेक्यांसाठी होता, सोपानला ठाऊक होतं, एवढं लिहून दे. तुझ्या जामिनाला विरोध करणार नाही. नाहीतर इथंच मरशील."

टाडात पोलिसांपुढचा कबुलीजबाबही कोर्टात पुरावा म्हणून चालतो. भीती वाटली, ते नाकारत नाही. मग राग आला.

म्हटलं, "साहेब, कांड्या विहिरीच्या होत्या. तेच लिहा, सही करतो." ते निघून गेले.

जामीन फेटाळला. टीबीच्या गोळ्या तुरुंगातच खाल्ल्या, एकही चुकवली नाही. तुम्हीही चुकवू नका. लघवी लाल होते ती औषधाने, घाबरू नका. फुफ्फुस बरं झालं. पुढे दीड वर्षाने मला आणि मामांना जामीन मिळाला.

आता दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असते. मी रजिस्टरची ओळ न् ओळ वाचतो, मगच सही करतो. मागे रांग लागते. हवालदार वैतागतो, "आवरा ना भाऊ." मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतो.